मसुदा चौथ्यांदा परत आला, आता काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात चार वर्षं अर्थविषयक बातम्या लिहिल्यावर तुम्ही मुंबईतल्या एका लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) उत्पादन कंपनीत, एमडींच्या म्हणजे व्यवस्थापकीय संचालकांच्या ऑफिसात, संशोधन आणि लेखनाच्या कामावर रुजू झालात. तीन महिने झाले. वार्षिक अहवालातलं एमडींचं पत्र तुम्ही लिहून दिलंत आणि ते चार वेळा परत आलं. दर वेळी शेरा एकच: ‘हे मी बोलतो तसं वाटत नाही.’ तुम्ही विचारलंय, बिझनेस इंग्रजीचा कोणता कोर्स करावा?

कोर्स करू नका. चार वर्षं रोज बातमी देणाऱ्याची भाषा इतकी कच्ची नसते की भाषेपायी चार मसुदे परत यावेत. कंपनीप्रमुखांसाठी लिहिण्याचं हे काम मी एकोणीस वर्षं करते आहे, पहिली आठ नोकरीत आणि पुढची रिटेनरवर, म्हणजे ठरावीक मानधनावर बाहेरून. तुमच्या प्रश्नात एक वाक्य ओझरतं येऊन गेलंय, त्यातच सगळं आहे असं मला वाटतं. ‘विषय मला ईएकडून (एमडींच्या सहायकाकडून) व्हॉट्सअ‍ॅपवर कळतो.’ म्हणजे ज्यांच्या सहीने हे पत्र हजारो भागधारकांकडे जाणार, त्यांच्याशी या पत्राबद्दल तुमचं एकदाही समोरासमोर बोलणं झालेलं नाही.

या कामात आपण लिहिलेलं वाक्य दुसऱ्या कुणाला तरी स्वतःचं म्हणून उभं करायचं असतं आणि त्यावर येणारा पुढचा प्रश्नही त्यालाच झेलायचा असतो. एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेत, भागधारक विचारतो, तिमाही निकालानंतर गुंतवणूकदारांसाठी होणाऱ्या कॉलवर अ‍ॅनालिस्ट विचारतो, प्लांटवर युनियनचा पदाधिकारी विचारतो. आपण तिथे नसतो. मसुदा वाचताना साहेब मनातल्या मनात हेच तपासत असतात, की यावर कुणी ‘म्हणजे काय?’ म्हणून विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे का. नसलं की वाक्य परकं वाटतं. त्या परकेपणाला नाव देत बसायला त्यांना वेळ नसतो, म्हणून ते म्हणतात, ‘हे मी बोलतो तसं वाटत नाही.’

आता कशावर काय अवलंबून आहे ते आधीच सांगते, कारण माझा अनुभव तुमच्या ऑफिसला जसाच्या तसा लागू होईलच असं नाही. प्रवर्तक घराण्यातल्या एमडीला वडिलांनी उभी केलेली कंपनी, जुने डीलर, गावाकडची शाळा हे सगळं बोलायचं असतं आणि तो अधिकार त्यांना असतो. बाहेरून आलेल्या व्यावसायिक सीईओने तेच लिहिलं तर ते उसनं वाटतं. परदेशी कंपनीच्या भारतातल्या प्रमुखाचं जवळजवळ प्रत्येक वाक्य मुख्यालयातून मंजूर होऊन येतं, तिथे लिहिणाऱ्याला फारशी मोकळीक नसते. तुमचे एमडी यांपैकी कोण आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. तरी एक गोष्ट मी तिन्ही ठिकाणी सारखीच पाहिली आहे: ज्याला साहेबांबरोबर वीस मिनिटं मिळतात त्याचा दुसरा मसुदा पास होतो, आणि ज्याला ती मिळत नाहीत त्याचा सातवाही होत नाही.

ती वीस मिनिटं मागून घ्यायची असतात. ईएला सांगा, मला पत्रासाठी साहेबांची वीस मिनिटं हवीत, कुठेही चालेल. कॉन्फरन्स रूमच हवी असा हट्ट धरू नका. माझ्या पहिल्या साहेबांचं कॅलेंडर कायम भरलेलं असायचं. मला त्यांनी वेळ दिला तो वरळीच्या ऑफिसातून विमानतळाला जाताना गाडीत. संध्याकाळी ट्रॅफिक असला की वीसाची पन्नास मिनिटं व्हायची. पहिल्या दहा मिनिटांत ते फोन उरकायचे, मग पंधरा मिनिटं गप्प बसायचे आणि त्यानंतर जे बोलायचे ते सोनं असायचं. ती पंधरा मिनिटं मी कधी मोडली नाहीत. वही मात्र मांडीवर उघडी असायची.

काय विचारायचं, याला फार महत्त्व आहे. ‘पत्रात कोणते मुद्दे घ्यायचे?’ असं विचारलंत तर वाढ, नवकल्पना, शाश्वतता, ग्राहक केंद्रस्थानी असली उत्तरं मिळतील आणि तुमचा मसुदा कुठल्याही कंपनीच्या पत्रासारखा होईल. मी विचारते: या वर्षी कुठला निर्णय घेताना सर्वांत जास्त दिवस गेले? हे पत्र नक्की कुणी वाचावं असं वाटतं? कशाबद्दल अजिबात बोलायचं नाही? आणि चौथा प्रश्न, जो मला सर्वांत उपयोगी पडला आहे: मागच्या वर्षीच्या पत्रातलं कोणतं वाक्य आज अडचणीचं वाटतं? या प्रश्नावर साहेब हमखास थांबतात. मागच्या वर्षी ‘नवा प्लांट डिसेंबरपर्यंत सुरू होईल’ असं लिहिलेलं असतं आणि तो झालेला नसतो. भागधारकांपैकी दोनतीन जण तरी जुना अहवाल काढून बसलेले असतात. साहेबांना ते माहीत असतं, पण ऑफिसात कुणी तो विषय काढत नाही. तुम्ही काढलात की पत्राचा कणा हाती लागतो.

एक उदाहरण जवळून दाखवते, तेही मराठीतलं, कारण असं भाषण तुमच्याही वाट्याला कधी ना कधी येईल. चाकणच्या एका प्लांटला पंचवीस वर्षं झाली. साहेबांना कामगारांसमोर मराठीत पाच मिनिटं बोलायचं होतं. एचआरकडून आलेला मसुदा असा सुरू होत होता: ‘आपल्या सर्वांच्या अथक परिश्रमांमुळे आपल्या संस्थेने यशाची अनेक शिखरे पादाक्रांत केली आहेत.’ साहेबांनी तो बाजूला ठेवला. मी त्यांना विचारलं, या प्लांटवर तुम्ही पहिल्यांदा कधी आलात? ते म्हणाले, पहिल्या वर्षीच, जुलैत, शेडमध्ये पाणी शिरलं होतं तेव्हा. मग काय केलं? तिसऱ्या शिफ्टच्या पोरांनी रात्रभर यंत्रांच्या मोटारी सोडवून टेबलांवर चढवल्या होत्या. मी सकाळी पोचलो तेव्हा सगळे टेबलांच्या मधोमध गुडघाभर पाण्यात उभे राहून चहा पीत होते, मलाही एक कप दिला. भाषण तिथूनच सुरू झालं: ‘या प्लांटवरचा माझा पहिला चहा मी गुडघाभर पाण्यात प्यायलो.’ त्या रात्रीच्या लोकांपैकी चौघे अजून कामावर होते, त्यांची नावं आम्ही पर्सोनेलकडून तपासून घेतली. एकाच्या नावाचा उच्चार सुपरवायझरला फोन करून विचारला. मी मागे उभी होते. ती नावं घेतली गेली तेव्हा मंडपात जे झालं ते शिखरं पादाक्रांत करून होणारं नव्हतं.

यात माझं लेखन फार थोडं आहे. प्रसंग साहेबांचा, शब्दही बहुतेक त्यांचेच. त्यावर कुणी काहीही विचारलं असतं तरी ते बोलू शकले असते, कारण ते तिथे होते. मी विचारलं, ऐकलं, तपासलं आणि क्रम लावला.

आता संशोधनाबद्दल. तुम्ही पत्रकारितेतून आलात, म्हणजे माहिती मिळवणं तुम्हाला येतं. फरक जबाबदारीच्या वाटपाचा आहे. बातमीत ‘अमुक अहवालानुसार’ म्हटलं की भार अहवालावर जातो. साहेबांच्या तोंडी आकडा गेला की तो त्यांचा होतो. म्हणून नुसता आकडा देऊन भागत नाही, तो कोणत्या तारखेचा हेही द्यावं लागतं. देशाच्या जीडीपीवाढीचंच बघा. 2023-24 या एकाच वर्षासाठी जानेवारी 2024 मध्ये पहिला अग्रिम अंदाज 7.3 टक्के आला. फेब्रुवारीअखेर तो 7.6 झाला, मेअखेर 8.2 आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत सुधारित अंदाज 9.2. चारही आकडे सरकारीच. तुमच्या साहेबांनी जूनमध्ये 7.6 म्हटलं आणि शेजारच्या वक्त्याने 8.2, तर चूक तुमच्या टिपणाची. म्हणून माझ्या टिपणात आकड्याशेजारी तारीख असतेच.

एककाचं त्याहून गंभीर आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एका कन्सल्टंटच्या अहवालातून बाजारपेठेचा आकार घेतला. तक्त्यात 6,200 होतं, वर बारीक अक्षरात ‘मिलियन रुपये’. मी घाईत 6,200 कोटी लिहिलं. खरा आकडा 620 कोटी, कारण दहा मिलियन म्हणजे एक कोटी. दहा पटींची चूक. भाषणाच्या आदल्या संध्याकाळी तालमीत सीएफओंनी (वित्तप्रमुखांनी) हात वर करून विचारलं, ‘हे कुठून आलं?’ साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या क्षणी उत्तर देऊ शकले नाही. कुणी काही बोललं नाही, आकडा बदलला, भाषण नीट झालं. पण त्यांची ती नजर मला अजून आठवते. माझ्यावर टाकलेला विश्वास किती नाजूक गोष्टीवर टेकलेला आहे ते मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून प्रत्येक मसुद्याबरोबर मी एक वेगळा कागद ठेवते. त्याला मी पुराव्याचा कागद म्हणते. मसुद्यात येणाऱ्या प्रत्येक आकड्याला, नावाला आणि दाव्याला त्यात एक ओळ: मूळ कुठे पाहिलं, पान कुठलं, तारीख, एकक आणि कंपनीतल्या कुणी दुजोरा दिला. विक्रीचा आकडा फायनान्सकडून, अपघातांचा सेफ्टीकडून, सीएसआर म्हणजे सामाजिक उपक्रमांवरच्या खर्चाचा त्या विभागाकडून. तोंडी दुजोरा धरत नाही, एक ओळीची मेल मागते. शेवटचा रकाना ‘पुढचा प्रश्न’ असा असतो. साहेब म्हणणार ‘आम्ही पाण्याचा वापर 30 टक्क्यांनी कमी केला’, तर पुढचा प्रश्न, कशाच्या तुलनेत? एकूण वापर की दर टनामागे? उत्पादन घटलं म्हणून तर नाही ना? उत्तर त्याच रकान्यात. उत्तर सापडलं नाही तर वाक्य मसुद्यात ठेवत नाही. साहेब हा कागद क्वचितच वाचतात. पण तो आहे हे त्यांना माहीत असतं, त्यामुळे मसुदा वाचताना ते निवांत असतात.

सुभाषितांचंही तसंच. ‘ग्राहक हा आपल्या आवारात येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा’ हे गांधीजींच्या नावावरचं वचन तुम्ही बँकांतून, कार्यालयांतून फ्रेम केलेलं पाहिलं असेल. गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे इंग्रजीत 100 खंड आहेत, ते ऑनलाइन शोधता येतात. मी शोधलं, मला त्यांत ते सापडलं नाही. मूळ जागा दाखवता येत नसेल तर मोठ्या माणसाचं वचन घालत नाही, हा माझा नियम. भाषण त्याने अडत नाही.

टिपण किती मोठं असावं, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते: दोन पानं, मोठा टाइप, पहिल्याच परिच्छेदात निष्कर्ष. साहेब ते गाडीत किंवा लिफ्टकडे जाताना वाचणार असतात. भाषणाला इंग्रजीत मिनिटाला साधारण 120 शब्द धरा. दहा मिनिटांचं भाषण म्हणजे 1,200 शब्द. पण आपल्याकडे दीपप्रज्वलन, सत्कार, प्रमुख पाहुण्यांची प्रतीक्षा यांत दहाची सहा मिनिटं होतात. म्हणून मी मधले दोन परिच्छेद असे लिहिते की ते गाळले तरी सांधा दिसू नये, आणि समासात पेन्सिलने उभी रेघ ओढून ठेवते. साहेब व्यासपीठावर बसल्या बसल्या ठरवू शकतात.

कायद्याची बाजू तुमच्या प्रश्नात कुठेच नाही, आणि लिस्टेड कंपनीत ती आधी समजून घ्यायला हवी. तुमच्या हाती निकाल जाहीर होण्याआधीचे आकडे येणार, एखादं अधिग्रहण चाललं असेल तर तेही कळणार. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या 2015 च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांत अशा माहितीला ‘अप्रकाशित किंमत-संवेदनशील माहिती’ म्हणतात. ती ज्यांना दिली त्यांची नावं आणि पॅन कंपनीला एका डिजिटल नोंदवहीत ठेवावे लागतात. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यानंतर 48 तासांपर्यंत नियुक्त व्यक्तींसाठी, म्हणजे अशी माहिती हाती येते म्हणून कंपनीने यादीत घेतलेल्यांसाठी, ट्रेडिंग विंडो बंद असते; त्या काळात त्यांना कंपनीच्या शेअरचे व्यवहार करता येत नाहीत. तुम्ही त्या यादीत आहात का, हे उद्याच कंपनी सेक्रेटरींना विचारा, कंपनीत या नियमांचं पालन तेच पाहतात. घरात कुणाकडे कंपनीचे शेअर असतील तर तेही सांगून टाका. यात संकोच करण्यासारखं काही नाही. सेक्रेटरींना असा प्रश्न विचारणारा माणूस आवडतो.

निकालानंतरच्या कॉलबद्दलही हेच. त्याचं ध्वनिमुद्रण पुढचा ट्रेडिंग दिवस सुरू होण्याआधी किंवा 24 तासांत, जे आधी असेल तेव्हा, जाहीर करावं लागतं, आणि शब्दशः उतारा पाच कामकाजाच्या दिवसांत. म्हणजे साहेब बोलताबोलता जे म्हणतील ते आठवड्याभरात लेखी स्वरूपात सगळ्या जगासमोर असतं. अशा कॉलसाठी उत्तरांची वाक्यं लिहून देण्यापेक्षा मी प्रश्नांचा गठ्ठा देते, पंचवीसतीस, सर्वांत अडचणीचा सर्वांत वर, आणि प्रत्येकाखाली काय बोलता येईल व काय बोलता येणार नाही याची एकेक ओळ. ती सीएफओ आणि सेक्रेटरी दोघांच्या नजरेखालून गेल्याशिवाय साहेबांकडे जात नाही.

एआयची साधनं वापरावीत का, असं हल्ली मला सगळेच विचारतात. जाहीर झालेल्या मजकुराचा सारांश काढायला मी वापरते आणि मग मूळ पान उघडून पाहते. जाहीर न झालेला एकही आकडा मी तिथे टाकत नाही. कंपनीचं स्वतःचं धोरण असेल तर ते पाळा.

आता लाल शाईबद्दल. परत आलेले चारही मसुदे जपून ठेवा आणि या शनिवारी शेजारी शेजारी मांडून बसा. साहेबांनी खोडलेले शब्द एका बाजूला लिहा, त्यांनी घातलेले दुसऱ्या बाजूला. माझ्या एका साहेबांच्या बाबतीत मी असं केलं तेव्हा दिसलं की ‘चॅलेंजेस’ त्यांनी नऊ ठिकाणी खोडून ‘प्रॉब्लेम’ केलं होतं, आणि मी ‘आम्ही’ लिहिलं होतं तिथे वाईट बातमीच्या वाक्यांत तेवढं ‘मी’ केलं होतं. चांगल्या बातमीत ‘आम्ही’ तसंच ठेवलं होतं. त्या दोन रकान्यांतून मला तो माणूस जितका कळला तितका त्याआधीच्या सहा महिन्यांत कळला नव्हता. पुढचा मसुदा एका फेरीत पास झाला.

एक कठीण गोष्टही सांगायला हवी. कधीतरी तुम्हाला खरा पण दिशाभूल करणारा आकडा लिहायला सांगतील. मागचं वर्ष पडझडीचं असताना त्याच्याशी तुलना करून 40 टक्के वाढ दाखवायची, असं. मी अशा वेळी नकाराचं भाषण करत नाही. दोन वाक्यं लिहून देते: एकात ती तुलना, दुसऱ्यात पडझडीच्या आधीच्या वर्षाशी तुलना, आणि खाली एक ओळ, ‘एजीएममध्ये दुसरा आकडा भागधारक स्वतः काढतील.’ एकोणीस वर्षांत दोनदाच असं झालं की तरीही पहिलंच हवं होतं. त्यातल्या एकदा मी ते काम सोडलं. दुसऱ्यांदा सेक्रेटरींनी थांबवलं. तुम्ही नवीन आहात, नोकरीची गरज असेल, तेव्हा एकट्याने लढायला जाऊ नका. पुराव्याचा कागद घेऊन सीएफओ किंवा सेक्रेटरींकडे जा. ती त्यांची कायदेशीर जबाबदारी आहे आणि बहुतेक जण ती गंभीरपणे घेतात.

श्रेयाबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय, नाव कुठेच येणार नाही याचं वाईट वाटतं का. मला वाटलं नाही, पण वाटणारे मित्र मी पाहिले आहेत आणि त्यांनी वेळीच पत्रकारितेत परत जाऊन उत्तम काम केलं. वर्षभराने स्वतःला पुन्हा विचारा.

आत्ता वेळेचं गणित असं आहे. मार्चअखेर वर्ष संपलं, एजीएम 30 सप्टेंबरच्या आत व्हायलाच हवी, आणि नोटीस व अहवाल त्याआधी पूर्ण 21 दिवस जायला हवेत. तुमची एजीएम ऑगस्टअखेर आहे म्हणता, म्हणजे छपाई आणि डिझाइन धरून पत्रासाठी तुमच्याकडे फार तर दोन आठवडे आहेत. पाचवा मसुदा सोमवारी पाठवू नका. सोमवारी ईएला वीस मिनिटांसाठी मेल करा, मागच्या वर्षीच्या पत्राची प्रिंट बरोबर घेऊन जा, आणि त्यात पुढच्या वर्षाबद्दल जे जे म्हटलं होतं त्या प्रत्येक ओळीखाली आधीच पेन्सिलने रेघ मारून ठेवा. साहेबांसमोर ती प्रिंट ठेवून तो चौथा प्रश्न विचारा, आणि मग ते बोलेपर्यंत थांबा.